शेजारणीच्या ड्रममधली चिंच

आधी माझा गाढवपणा सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझ्याबद्दल उगाच आदर वाटायला नको. मी एकदा शेजारणीच्या गॅरेजमध्ये चोरून शिरले आणि तिच्या बंदुकीच्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांमध्ये मूठभर चिंच घालून आले. पूर्ण शुद्धीत होते. वय छप्पन्न. या वयात बायका आजी होतात. मी आधी मत्सरी झाले, आजी नंतर.

ही शेजारीण इथे अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉयमध्ये, आमच्या अगदी समोर राहायची. उंच, रुंद खांद्यांची, पांढरे केस कानांच्या वर कापलेले. एक चष्मा डोळ्यांवर आणि दुसरा डोक्यावर, आणि तिसरा शोधत असायची. आयुष्यभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेली, नवरा कधीचाच गेलेला. रविवारी क्लबात नेमबाजीला जायची आणि उडवलेल्या प्रत्येक गोळीची पितळी पुंगळी वाकून उचलून घरी आणायची. ती धुवायची, पुन्हा दारू भरायची, नवी गोळी बसवायची, पुन्हा उडवायची. आपण लोणच्याची बरणी फेकून देतो का? तसंच.

धुतलेली पुंगळी ती एक डोळा मिटून दिव्यासमोर धरायची आणि दुर्बिणीतून पाहावं तशी आरपार पाहायची. तळाच्या बारीक भोकातून स्वच्छ उजेड आला तर ठीक, नाहीतर पुंगळी परत धुण्याच्या ड्रममध्ये. "झालं का?" असं कोणी विचारलं की ठरलेलं उत्तर, "नॉट येट, हनी."

हनी ती सगळ्यांनाच म्हणायची. पोस्टमनला, तिच्या बर्ड फीडरवरच्या खारीला, आणि माझ्या नवऱ्याला. माझं दुखणं तिथे होतं.

आमच्या ह्यांना तेव्हा कंपनीने वेळेआधीच घरी बसवलं होतं. जन्मभर गाड्यांचे गिअरबॉक्स केलेला माणूस. घरी बसल्यावर बोलणंच आटलं. "भाजी बरी झालीय का?" "हं." "बेलव्ह्यूहून लेकीचा फोन होता." "हं." एकदा मी मुद्दाम म्हटलं, "अहो, मी घर सोडून चाललेय." तर पेपरामागून आलं, "हं." मी डेंटिस्टच्या ऑफिसात फ्रंट डेस्कला होते. दिवसभर भुलीचं इंजेक्शन घेतलेले लोक माझ्याशी ह्यांच्यापेक्षा जास्त बोलायचे.

मग एक दिवस समोरच्या बाईंचं पुंगळ्या धुवायचं मशीन बंद पडलं. हे स्क्रूड्रायव्हर घेऊन रस्ता ओलांडून गेले. गेले ते गेलेच.

ह्यांनी तिला नवा ड्रमच बनवून दिला. जाड प्लास्टिकचा पाइप, दोन रोलर आणि मोटर माझ्या ट्रेडमिलची. ट्रेडमिल मी वापरत नव्हते हे खरं, पण विचारायचं तरी! त्या ड्रममध्ये पाणी, भांडी घासायचा साबण, चिमूटभर लिंबाचं फूल, म्हणजे लिंबाचं आंबट सत्त्व, आणि स्टीलच्या हजारो बारीक सुया. बिनटोकाच्या, शेवयांच्या चुऱ्याएवढ्या. ड्रम गोल फिरत राहतो, सुया पुंगळ्यांच्या पोटात शिरून काजळी खरवडतात. तीन-चार तास नुसतं फिरू द्यायचं. आणि तेवढा वेळ हे दोघं तिथे खुर्च्या टाकून बसायचे.

दुसऱ्या बायकांना नवऱ्याच्या कोटावर सोनेरी केस सापडतात. मला सुया सापडायला लागल्या. मोज्यांत, वॉशिंग मशीनच्या जाळीत, शर्टाच्या दुमडलेल्या बाहीत. एकदा उपम्यात. मी ती सुई चिमटीत धरून ह्यांच्यासमोर धरली, तर म्हणतात कसे, "स्टेनलेस आहे. काही होत नाही."

मी लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आई, कमॉन यार! ती सत्तरीची आहे."

"असेना. तू तिचं हसणं ऐकलं नाहीस."

"मग तूही जाऊन बस ना तिथे."

"मी? बंदुकवालीकडे? मला स्वयंपाक आहे."

एका शनिवारी मी भांडी घासता घासता खिडकीतून पाहिलं. समोर गॅरेजचं दार उघडं होतं. धुतलेल्या पुंगळ्यांतलं पाणी काढायला त्या जुन्या टॉवेलात घालतात आणि दोघांनी दोन टोकं धरून तो इकडून तिकडे हेलकावायचा असतो. हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी मला फक्त एवढंच दिसलं की माझा नवरा आणि ती बाई समोरासमोर उभे राहून, बाळाची झोळी हलवावी तसा टॉवेल झुलवतायत आणि हे हसतायत. दात दिसतील असं! त्या दातांचं बिल भरलेलं मला आठवत होतं, ते दिसलेले मात्र आठवत नव्हते. माझ्या हातातलं पातेलं मी इतकं घासलं की त्याची कल्हई जायची बाकी होती. पातेलं ॲल्युमिनियमचं होतं, म्हणून वाचलं.

त्यावर कळस म्हणजे चैत्रातलं हळदीकुंकू. देवघरातलं निरांजन आणि घंटा जागेवर नाहीत. मी घर डोक्यावर घेतलं. संध्याकाळी हे दोन्ही वस्तू रुमालात गुंडाळून घेऊन आले.

"अहो, बंदुकीच्या पाण्यात देवाचं निरांजन?"

तेव्हा ह्यांनी त्या वर्षातलं सगळ्यात लांब वाक्य उच्चारलं. "तिने आधी ड्रम धुतला, कोऱ्या सुया घातल्या, आणि देवाचं आहे म्हटल्यावर मला चपला बाहेर काढायला लावल्या."

रुमाल उलगडला आणि मी घंटा उलटी करून पाहिली. घंटेच्या आत, जिथे लोलक लटकतो तिथे, लग्नापासून माझं बोट पोचलं नव्हतं. तिथे लखलखाट होता. निरांजनाच्या दांड्याच्या खाचाखाचांत उजेड भरलेला. हळदीकुंकवाला आलेल्या पोरी म्हणाल्या, "काकू, कसलं चमकतंय! काय लावता?" मी नम्रपणे पदर सावरून तोंड उघडणार, तोच दारातून हे म्हणाले, "कमाल समोरच्या बाईंची आहे." सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळल्या. पुढच्या बाईला मी कुंकू कपाळाऐवजी भुवईला लावलं.

चिंचेने पितळ घासण्यात माझा हात धरणारी बाई मी पाहिली नव्हती, हो. सासूबाई गेल्या तेव्हा मागे माझं एवढं एकच कौतुक ठेवून गेल्या होत्या. तेही या बाईने एका दुपारी फिरवून टाकलं.

म्हणून तो चिंचेचा शनिवार. क्लबाची वर्षाची मोठी स्पर्धा जवळ आली होती. ड्रम फिरत होता, आणि दोघं कसलासा रबरी पट्टा आणायला हार्डवेअरच्या दुकानात गेले होते. मी पदराखाली वाटी घेऊन रस्ता ओलांडला. पदराखाली म्हणतेय, पण अंगात थंडीचा जाड पार्का होता. ड्रम थांबवला, झाकण काढलं, भिजवलेली चिंच कोळ न काढता तशीच आत लोटली, झाकण लावलं, बटण दाबलं. बेत असा की पुंगळ्या बाहेर निघतील त्या सोन्यासारख्या, दोघं थक्क होतील, आणि मी सहज म्हणेन, "अगं, जराशी चिंच घातली होती." हे वाक्य मी इंग्रजीतही पाठ केलं होतं.

लिंबाचं फूल आत आधीच होतं, हे मी विसरले. चिंच लावून भांडं विसरू नये, पितळ तांबूस पडतं, हे सासूबाईंनी मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. तेही विसरले. मत्सरी माणसाला आधी स्वतःची विद्या विसरायला होतं. आणि ते दोघं दुकानातून कॉफी प्यायला गेले, तोवर ड्रम फिरतच राहिला.

ड्रम उघडला तेव्हा मी मुद्दाम हजर होते. आतून चिंचेच्या साराचा वास आला. पुंगळ्या निघाल्या त्या गुलाबी. आजारी माणसाच्या हिरड्यांसारख्या. तिने एक उचलून दिव्यासमोर धरली, आरपार पाहिलं, आणि परत ड्रममध्ये टाकायच्या ऐवजी बाजूला ठेवली. मग सुया ओतलेल्या ट्रेमधून लोहचुंबक फिरवला. सगळ्या सुया उड्या मारून त्याला चिकटल्या. रिकाम्या ट्रेच्या तळाशी राहिला एक टपोरा चिंचोका.

"व्हॉट्स धिस?" तिने विचारलं.

ह्यांनी चिंचोक्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. भाजलेले चिंचोके खात लहानपण गेलेला माणूस. तो त्यांनी हळूच उचलला, शर्टाच्या खिशात टाकला आणि म्हणाले, "फ्रॉम सम ट्री." अख्ख्या मिशिगनमध्ये तसलं झाड नाही.

ती ह्यांना सांगत होती, मी ऐकत होते. पितळातलं जस्त आम्लाने निघून गेलं की पुंगळी कमजोर होते, बंदुकीत फुटू शकते. या वापरायच्या नाहीत. आणि या साध्या नव्हत्या. तिच्या नवऱ्याची जुनी रायफल होती, तिच्यातूनच पुन्हा पुन्हा उडून त्यांना तिचाच नेमका आकार आला होता. इतक्या थोड्या दिवसांत दुसऱ्या तशा तयार होणार नव्हत्या. त्या वर्षी ती स्पर्धेला गेली नाही.

दुसऱ्या दिवशी मी गाजराचा हलवा घेऊन तिच्या दारात उभी राहिले. पाठ केलेलं एकही इंग्रजी वाक्य आठवेना. तिनेच सुरुवात केली.

"तीस वर्षं बस चालवलीय, हनी. मागच्या सीटला च्युइंगम कोणी चिकटवला, ते मला आरशात पोरांचे कान बघून कळायचं. काल तुझे कान लाल होते."

"आय ॲम व्हेरी सॉरी."

"का केलंस?"

"तुझ्यापेक्षा जास्त चमकवायचं होतं."

ती इतकी हसली की हलव्याचा डबा मलाच धरावा लागला. मग शिक्षा सुनावली. दर शनिवारी यायचं आणि पुंगळ्यांच्या भोकांत अडकलेल्या सुया टाचणीने काढायच्या. अशी मी त्या गॅरेजमध्ये रुजू झाले. तिसरी खुर्ची आली. टॉवेलचं एक टोक कधी कधी माझ्या हाती आलं. "झालं गं आता," मी म्हणायची. "नॉट येट, हनी," ती माझ्याच हातातली पुंगळी काढून परत ड्रममध्ये टाकायची. मत्सर गेला असं समजू नका. त्याला फक्त बसायला खुर्ची मिळाली. एकदोनदा तिने मला क्लबातही नेलं, पण तिच्यासारखा नेम आणि तिच्यासारखं पितळ, दोन्ही मला शेवटपर्यंत जमलं नाही.

पुढे तिच्या डोळ्यांनी दगा दिला. पुंगळी दिव्यासमोर धरायची आणि "तू बघ" म्हणून मला द्यायची. मग मुलाने तिला ॲरिझोनाला न्यायचं ठरवलं. आता त्या घरात बंगळूरचं एक तरुण जोडपं राहतं. गॅरेजमध्ये मुलांच्या सायकली असतात, आणि दार बहुधा बंदच असतं. दोन वर्षांपूर्वी तिच्या मुलाचा फोन आला, ती झोपेतच गेल्याचा. ह्यांनी फोन ठेवला आणि देवघरातलं निरांजन लावलं.

ती ॲरिझोनाला निघाली त्याच्या आदल्या दिवशी मी तिचे टॉवेल घड्या करून खोक्यात भरत होते. हे बाहेर ट्रॉलीवर ड्रम बांधत होते, तो तिने ह्यांना दिला होता. गॅरेज रिकामं झालं होतं, आवाज घुमत होता. मी म्हटलं, आता तरी खरं सांगून टाकावं. "मी तुझा फार मत्सर केला गं. इतकी वर्षं."

तिने डोक्यावरचा चष्मा काढून पुसला. ती इंग्रजीत बोलली, मी मराठीत लिहितेय, पण त्यात माझा एकही शब्द नाही.

"मीपण तुझा केला, हनी. तुझी गाडी कोपऱ्यावर वळल्याचा आवाज आला की तो बोलता बोलता उठायचा आणि घरी पळायचा. माझ्याकडे त्याची सगळी वाक्यं अर्धीच आहेत. उरलेली अर्धी तुझ्याकडे असतील ना?"