कार्डावर जागा नाही

धनीबाईच्या रेशनकार्डावर तीन नावं होती: तिचं, नवरा सेवादासचं आणि मुलगा बादलचं. पुढं उज्ज्वला सून म्हणून आली, चार लेकरं झाली. कार्ड तेवढंच राहिलं. दिवाळी सरली की बादल आणि उज्ज्वला ऊसतोडीला जात, लेकरं तांड्यावर आजीजवळ. धान्य तीन माणसांचं, पंधरा किलो. खाणारी तोंडं सहा. वीस तारीख आली की तिला डबा खरवडावा लागे. सगळ्यांची जेवणं झाल्यावर ती बसे, नाहीतर "मले भूक नाही" म्हणून उठून जाई.

यंदा ती मालेगावच्या कचेरीत गेली.

"माय, कोटा जुन्या गणतीचा हाये," बाबू म्हणाला. "मानसं वाढली, कोटा नाही वाढला. तुमच्या तांड्यात कोनाचं नाव कटलं तरच नवं चढते."

"कटते कायनं?"

"लेक सासरी गेली, नाहीतर मानूस मेलं तर."

एसटीत ते बोलणं तिच्या कानातून जाईना. तांड्यात शिरल्यावर पाय आपसूक कमलीबाईच्या दाराकडं वळले. तिची जन्माची मैत्रीण महिन्यापासून खोकल्यानं अंथरुणाला खिळली होती.

"कसं हाये वं आता?" धनीबाईनं विचारलं, आणि विचारतानाच तिला कळलं, 'बरं हाये' हे ऐकायची आपल्याला घाई नाही.

"येत जाय," कमलीबाई म्हणाली. "कोनी येत नाही मह्याकडं."

दुसऱ्या दिवसापासून धनीबाई तिच्यासाठी वाटीभर पेज नेऊ लागली. सेवादास चिडला. "लेकरांले पुरून नाही राह्यलं, अन् तू वाटून राह्यली?"

"मह्या वाटचं देतो," ती म्हणाली. खरं कारण तिनं त्याला कधीच सांगितलं नाही.

फाल्गुनात कमलीबाई उठून अंगणात बसू लागली. नातवांची नावं काही चढली नाहीत.

पेरणीच्या तोंडावर धनीबाई बादलपुढं अडून बसली. दोन एकरांत सगळं सोयाबीनच असे. तिला अर्ध्या एकरात ज्वारी हवी होती.

"पाखरं ठेवतात काय, माय? म्हनून तं गावानं ज्वारी सोडली."

"राखन मी करतो."

कणसं भरली तशी ती पाखरं हाकायला उजाडायच्या आत शेतातल्या माळ्यावर चढू लागली. ओरडून ओरडून घसा बसला. एका रात्री डुकरांनी बांधाकडच्या चार ओळी आडव्या केल्या, तेव्हा ती शेतातच रडली. तरी दोन पोती घरात आली.

सेवादासनं पोत्यात हात घातला. "हे होळीपर्यंत पुरन."

"अन् मंग?"

त्यानं सुपात ज्वारी ओतून तिच्यापुढं सरकवली. धनीबाई सूप घेऊन ज्वारी पाखडायला बसली.