जुना प्रोसेसर विकल्यावर

माझ्यात एक वाईट खोड आहे. समोरचा काही सांगत असला की मी मान डोलावते आणि ऐकत काहीच नाही, कारण ते मला आधीच माहीत आहे असं मला वाटत असतं. त्यातून कॉम्प्युटरचा विषय असला तर बोलायलाच नको. कॉलेजपासून मी तो स्वतः उघडते, धूळ स्वतः काढते, मग मला कोण शिकवणार? या तोऱ्याची किंमत मोजावी लागली, पण ती मी नाही मोजली. आबांनी मोजली.

आबा म्हणजे माझे वडील. मूळचे टाकव्याचे, पण सगळी नोकरी रेल्वेत झाली, आणि घर लोणावळ्यात. ते बँकरवर ड्रायव्हर होते. घाट चढताना गाडी पुढच्या इंजिनाला एकट्याला ओढवत नाही, म्हणून कर्जतला मागून जादा इंजिनं जोडतात आणि ती गाडीला लोणावळ्यापर्यंत ढकलत आणतात. त्यांना बँकर म्हणतात. म्हणजे चढताना आबांच्या समोर काय, तर शेवटच्या डब्याची पाठ. उतरताना मोकळं इंजिन घेऊन जायचे तेव्हा रूळ दिसायचे, पण तेव्हा मागे गाडी नसायची. लोणावळ्याला बँकर सुटला की गाडी पुण्याकडे चालू लागायची. एखादा भला ड्रायव्हर जाताना मागच्यांसाठी म्हणून लांब हॉर्न द्यायचा, बाकीचे आपल्या घाईत. कोण हॉर्न देतो आणि कोण देत नाही हे आबांना पाठ होतं, आणि माणूस चांगला की वाईट हे ते तेवढ्यावरच ठरवायचे. मग पुढच्या इंजिनात बसून गाडी चालवायची त्यांची पाळी आली आणि नेमके त्याच वर्षी ते डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले. उरलेली नोकरी ऑफिसात रजिस्टरं लिहिण्यात गेली.

माझा गेमिंगचा कॉम्प्युटर हे आमच्या घरातलं जुनं भांडण. मी तो घेतला तेव्हा पोरीच्या जातीला हे काय खूळ, म्हणून आबा आठ दिवस माझ्याशी बोलले नव्हते. मग एकदा मी ट्रेन चालवायचा गेम लावला होता आणि पाठीमागून आवाज आला, "ब्रेक आदी मार. वळण हाय." त्या दिवसापासून खुर्ची त्यांची आणि स्टूल माझं.

कुणा हौशी माणसाने कर्जत ते लोणावळा आख्खा घाट त्या गेमसाठी बनवून नेटवर ठेवला होता. मी तो उतरवून घेतला. पण माझा प्रोसेसर आठ-नऊ वर्षांचा, त्याला काही तो घाट झेपेना. ठाकूरवाडीपर्यंत रडतखडत जायचा, आणि पुढच्या बोगद्यातून बाहेर पडलं की चित्र अडकायचं, आवाज तुटायचा. चित्र पुन्हा हलेपर्यंत गाडीने सिग्नल मोडलेला असायचा आणि खेळ संपायचा. आबा लोणावळ्याला एकदाही पोचले नाहीत.

तोवर त्यांचा काचबिंदू खूप वाढला होता. एक डोळा गेलाच होता, दुसऱ्याने नळीतून बघावं तेवढंच त्यांना दिसायचं. समोर बघताना कीबोर्ड दिसत नाही म्हणून मी वेग, ब्रेक आणि हॉर्नच्या बटणांवर टिकल्या चिकटवून ठेवल्या होत्या. पुण्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली, आणि काही न लपवता सांगितलं, की डोळ्यातला दाब उतरवायलाच हवा, पण नजर इतकी थोडी उरलेली असली की कधी कधी ऑपरेशननंतर तीही जाते.  परत येताना वडगाव गेल्यावर आबा म्हणाले, "त्याच्या आदी एकदा घाट चढून घिऊ. म्होरल्या इंजनात बसून."

हातात अठरा दिवस होते. मी पवनानगरजवळच्या एका कॅम्पसाइटचं बुकिंग सांभाळते. पावसाळ्यात निम्मे तंबू गुंडाळलेले, त्यामुळे पगारही निम्मा. ऑपरेशनसाठी ठेवलेल्या पैशांना हात लावायचा नव्हता. पण माझ्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डावर त्याच कंपनीचा पुढच्या पिढीतला प्रोसेसर चालतो हे मी वाचलेलं होतं, आणि तसा एक वापरलेला मिळत होता. थोडे पैसे कमी पडत होते म्हणून मी आधी जुना काढून विकला. नाशिकच्या एकाला कुरिअरने पाठवूनसुद्धा दिला. आवळा देऊन कोहळा काढला, अशा थाटात मी घरभर हिंडत होते.

नवा आला. मी तो बसवला, बटण दाबलं. पंखा फिरला, दिवे लागले आणि स्क्रीन काळी ती काळीच. दोनदा काढून पुन्हा बसवला, तरी तेच. शेवटी मशीन स्कूटीवर पायाशी उभं करून बाजारातल्या दुरुस्तीवाल्या काकांकडे नेलं. त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, तुमचा बोर्ड या नव्याला ओळखत नाही. आधी बोर्डातलं सॉफ्टवेअर बदलावं लागतं, आणि ते जुना प्रोसेसर लावूनच करायचं.

"जुना आणा ताई. दहा मिनिटांचं काम आहे."

मी म्हटलं, विकला. काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग हळूच म्हणाले, की मागच्या महिन्यात तुम्ही प्रोसेसर बदलायचं विचारायला आला होतात तेव्हा मी हेच सांगितलं होतं. सांगितलं असणारच. मी मान डोलावली असणार.

नाशिकच्या मुलाला फोन केला, तर त्याने तो बसवूनही टाकला होता. त्याचं काय चुकलं? काकांनी तळेगाव, कामशेत, पिंपरी, जिथे ओळख होती तिथे विचारलं. कुठे मिळेना. सायबर कॅफेतली मशीनं फॉर्म भरण्यापुरती, त्यांच्यावर हा गेम उघडलासुद्धा नसता. रोज चार वाजता चहा घेऊन आबा खुर्चीत येऊन बसायचे आणि विचारायचे, झालं का. मी म्हणायचे, उद्या होईल. किती दिवस मी हे म्हणत राहिले! ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते उपरण्याने स्क्रीन पुसायचे आणि म्हणायचे, "सिग्नल न्हाई मिळाला की थांबायचं. डायवरनं रागवून काय व्हतंय?" मी मोरीत जाऊन नळ सोडून रडायचे.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. पट्टी काढली तेव्हा आबांनी मला आवाजावरून ओळखलं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, त्यात कुणाचा दोष नव्हता. पण त्याआधीचे दिवस माझ्यामुळे वाया गेले होते, आणि ते परत कुठून आणू?

त्यानंतर दोन आठवड्यांनी काकांचा फोन आला. कुणाच्या तरी बंद पडलेल्या मशीनमधून तसाच जुना प्रोसेसर निघाला होता. काम खरंच दहा मिनिटांत झालं. घरी आणून मी मशीन टेबलाखाली ढकलून दिलं आणि नुसतं चालतंय का बघायला म्हणून बटण दाबलं. आतल्या खोलीतून आबांनी विचारलं, चालू झाला व्हय? पंख्याचा आवाज ऐकला होता त्यांनी.

मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि स्टूलवरून गाडी सोडली. पळसदरी गेलं, ठाकूरवाडी गेलं. पुढचा बोगदा आला तसा मी सवयीने श्वास रोखला. गाडी सरळ बाहेर आली, आवाजसुद्धा तुटला नाही.

"अडाकली न्हाई," आबा म्हणाले. जरा वेळाने विचारलं, "म्होरं काय दिसतंय?"

 मी सांगितलं, की रूळ दिसतायत, वळण आहे, एका अंगाला दरी आहे आणि धुकं आहे.

"आन् डबा?"

"डबे सगळे मागे आहेत, आबा."

त्यांनी मान हलवली. मग मी लोणावळ्यापर्यंत बोलतच राहिले. खांब, पूल, सिग्नलचा रंग, काही सोडलं नाही. आयुष्यभर कुणाचं ऐकलं नाही, निदान बोलणं तरी त्या दिवशी कामी आलं. स्टेशनात गाडी थांबवली तेव्हा आबांनी विचारलं, बँकर सुटला का. मी म्हटलं, सुटला. सिग्नल मिळाला, गाडी हलली. आबांचा हात टेबलावरून चाचपडत कीबोर्डवर आला, बोटाला टिकली लागली आणि त्यांनी हॉर्न दिला. चांगला लांब.

"मागल्यांना," म्हणाले.

ज्याने तो घाट बनवला त्याने झाडं, बोगदे, स्टेशनावरची बाकंसुद्धा बनवली होती. मागून ढकलणारं इंजिन मात्र बनवलं नव्हतं. आमच्या शेवटच्या डब्यामागे कुणीच नव्हतं.

"ऐकला त्यांनी," मी म्हटलं.