मधी कुणी न्हाई

औरादच्या बाजारात आमची पाच दुकानं एका ओळीत. चहा रोज एकत्र, त्यामुळं किस्से साचत जातात. झाडून काढायला कुणाला वेळ नाही.

आमच्या ओळीत गुपित टिकत नाही, म्हणून मोबाईल रिपेअरवाल्या मल्लेशीनं सगळ्यांच्या फोनात एक ॲप टाकलं.

"ह्याच्या मधी कंपनी न्हाई, सर्व्हर न्हाई. तुमच्या फोनातून निघालेला निरोप कुलूप लावून थेट समोरच्याच्या फोनात."

बियाणंवाले रेवण्णा म्हणाले, "मग बिघडलं तर तक्रार कुणाकडं करायची?"

"कुणाकडंच न्हाई."

"म्हंजे घरच्यासारखंच की."

*

मधे सर्व्हर नाही म्हणजे निरोप ठेवायलाही जागा नाही. दोन्ही फोन एकाच वेळी चालू असले तरच पोचतो. रेवण्णांनी तोड काढली. आधी साधा फोन लावायचे, "ॲप उघड, गुपित पाठवायलोय." समोरच्याला ते उघडता यायचं नाही, मग फोनवरच मोठ्यानं वाचून दाखवायचे.

*

पासवर्ड विसरला तर काढून देणारंही कुणी नाही. कापडवाले नागनाथकाका विसरले. मल्लेशी म्हणाला, "सगळं गेलं, काका."

"बरं झालं. त्यात मेव्हण्याला उसने पैसे द्यायला हो म्हणलेलं होतं."

*

आता भांडेवाले शरणप्पा. मुलीनं मनाविरुद्ध लग्न केलं तेव्हा भर बाजारात म्हणाले होते, "तिचं नाव काढायचं न्हाई." त्याला तीन वर्षं झाली. ती कोहिनूर गावाला असते.

एक दिवस त्यांनी मल्लेशीला बाजूला घेतलं. "ह्यातलं खरंच कुणाला दिसत न्हाई?" मल्लेशी त्यांचा कोड घेऊन कोहिनूरला गेला, तिच्या फोनात ॲप टाकलं, तिचा कोड घेऊन आला.

अप्पांनी एकच अक्षर लिहिलं, "बा." त्यांच्या घरात अर्धं कन्नड, अर्धं मराठी. कन्नडात बा म्हणजे ये. मराठीत बा म्हणजे बाप.

तिचा फोन बंद असावा. निरोप अप्पांच्याच फोनात अडकला. दोन दिवस ते चार्जर लावून, स्क्रीन विझू न देता बसले. गिऱ्हाईक घागर मागायलंय, हे फोनकडं बघायलेत. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. तेही एकच अक्षर, "बा."

सगळं गुपित विसरून अप्पांनी फोन रेवण्णांपुढं धरला. "बाप म्हणायलीय का बोलवायलीय?"

"तिलाच इचारा की."

अप्पांनी शटर ओढलं.

"तेच इचारायला जायलोय," म्हणाले, अन् स्टँडकडं निघाले.