बॅनरवाली ताई

नांदेडमध्ये माझी ओळख ‘बॅनरवाली ताई’ अशी होती आणि या ओळखीचा मला मनापासून राग यायचा. वाढदिवस असो, निवड असो, नियुक्ती असो, चौकात लागणारा बॅनर मी घरी बसून केलेला असायचा. मधोमध गॉगल घातलेले उत्सवमूर्ती, खाली शुभेच्छुकांच्या रांगा आणि उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत माझा मोबाइल नंबर.

बॅनर म्हणजे रंग आणि अक्षरं, असं बाहेरच्यांना वाटतं. खरं काम असतं माणसं बसवायचं. कोणाचा फोटो कोणापेक्षा नखभर मोठा हवा, कोणाला कोण शेजारी चालत नाही, कालपर्यंत डावीकडे असलेले साहेब आज उजवीकडे का गेले, हे सगळं ठाऊक असावं लागतं. छापायला टाकण्याआधी मी प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच विचारायचे, “राहिलं कोण?” ते विचारलं नाही, तर बॅनर लागल्यावर राहिलेला माणूस स्वतः फोन करतो आणि तुमच्या सात पिढ्यांची विचारपूस करतो.

या सगळ्याचा कंटाळा आला होता. तासाभरात द्या, आत्ताच द्या, आणि आठवड्यात तो बॅनर कोणाच्या तरी गोठ्यावर ताडपत्री म्हणून. मला लोकांच्या घरात जाणारं, टिकणारं काम हवं होतं. पाकिटं, डबे, लेबलं. ते मिळत नव्हतं आणि पुण्याच्या एका कंपनीतून नोकरीचं बोलावणं आलं होतं. महिनाअखेरपर्यंत हो-नाही कळवायचं होतं.

घरात आम्ही दोघीच, आई आणि मी. मला जायचं नव्हतं. आई मात्र उठता-बसता म्हणायची, “जा की. मी काय लहान लेकरू हाय का? माझं काय अडून राहिलंय इथं?” इतक्या ठसक्यात म्हणायची की मला ते खरंच वाटायचं, आणि थोडं लागायचंही.

शेवटचा प्रयत्न म्हणून मी मोबाइलवरच्या व्हिडिओंना शरण गेले. त्यात सगळे सांगत होते, चांगलं गिऱ्हाईक हवं तर आधी स्वतःचा ब्रँड करा. मी केला. इन्स्टाग्रामवरचे सगळे बॅनर पुसून टाकले. त्या जागी माझ्या डिझाइनची एक कॉफी, एक अत्तर आणि एक साबण आला. तिन्ही जगात कुठेच अस्तित्वात नसलेले, पण दिसायला देखणे. सोबत माझा फोटो, शेजारणीच्या गच्चीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन, हातात कॉफीचा मग. मगात चहा होता, कारण आमच्याकडे कॉफी कोणी पीत नाही. लाइकचे बदाम खूप आले. पाठवणारे सगळे माझ्यासारखेच, गिऱ्हाईक शोधणारे डिझायनर.

महिना संपत आला आणि लातूरहून फोन आला. एका दालमिलचे मालक होते. “तूरडाळीच्या पाकिटाचं डिझाइन करायचंय. येता का ताई?” मी तर हवेतच. म्हटलं, लागला बाबा एकदाचा ब्रँड कामाला! दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली.

मिलच्या ऑफिसात सगळ्यावर डाळीची बारीक पिवळी धूळ होती. मालक माझ्या वडलांच्या वयाचे, म्हणून मी काका म्हणायला लागले. मी ऐटीत टॅबवर कॉफीचं पाकीट दाखवलं.

“हे कुठं मिळतंय?” त्यांनी विचारलं.

“कुठेच नाही काका. नमुना म्हणून केलंय.”

“म्हंजी कंपनीच न्हाई?” त्यांनी साबणही बघितला, अत्तरही बघितलं आणि टॅब हळूच माझ्याकडे सरकवला. “ताई, मी तर बॅनरवालीला फोन केलता. नंबर चुकला का काय?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका मात्र सांगतच होते. अहमदपूरला मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, त्यांनी माझा एक बॅनर बघितला होता. “एकमेकांचं तोंड न बघणारी, निवडणुकीतल्या दोन्ही पॅनलची माणसं तुम्ही एका बॅनरवर बसवली. एकानं बी कुरकुर केली न्हाई. म्हटलं, आपल्याला हेच माणूस पाहिजे.”

मग त्यांनी दुखणं सांगितलं. तीन भाऊ, तीन मिली, आता एकत्र केलेल्या. पाकीट एकच निघणार होतं आणि प्रत्येकाला त्यावर आपलाच छाप हवा होता. थोरल्याचा बैल, यांचा मोर, धाकट्याचा नारळ. आधीच्या डिझायनरनं तिन्ही उडवून कोरं पांढरं पाकीट केलं, तेव्हापासून घरात धड बोलणं नव्हतं.

सवयीनं माझ्या तोंडून गेलं, “राहिलं कोण?”

“कशात?”

“या तिघांशिवाय मिलमध्ये कोणी आहे का, ज्याचं नाव कुठंच आलं नाही?”

काका विचारात पडले. “तसं म्हणलं तर आमची अक्का हाय.”

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. सासरहून माघारी आल्यापासून इथंच राहते. प्रत्येक खेपेची वाटीभर डाळ आधी तिच्या कुकरात शिजते. ती म्हणाली डाळ शिजून गळत नाही, तर ती खेप बाजारात जात नाही. तिथं तिघांपैकी कोणाचं काही चालत नाही.

“काका, हे पाकिटावर का नाही लिहिलं?”

“ही काय लिहायची गोष्ट हाय का? घरातलं हाय ते.”

मी तिथंच पेन्सिलीनं काढून दाखवलं. मोठ्या अक्षरांत ‘अक्का’, त्याखाली ‘आधी घरी शिजवली, मग विकायला काढली’, आणि तळाला बैल, मोर, नारळ एका मापाचे. काकांनी दोन्ही भावांना बोलावलं. धाकट्यानं नारळ बोटानं मोजला, मग बैल मोजला, आणि मान हलवली. थोरले नुसतं म्हणाले, “अक्काच्या नावाला कोण न्हाई म्हणंल?” अक्का हात पुसत आली, कागद बघितला आणि म्हणाली, “माझा फोटू नका टाकू म्हंजी झालं.” फोटो नको म्हणणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं होतं.

निघताना काका म्हणाले, “आमच्या उदगीरच्या पाव्हण्याची बी मिल हाय. ते चौघं भाऊ हायत. तुम्हाला काम कमी पडायचं न्हाई.”

परतीच्या एसटीत मी कॉफी, अत्तर, साबण पुसून टाकले, अहमदपूरचा बॅनर पुन्हा लावला आणि पुण्याला नकार कळवला. अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं.

घरी आले तेव्हा आई मेथी निवडत होती. म्हटलं, “लातूरचं काम मिळालं. पुढचंही येतंय. मी पुण्याला नाही जात.”

“बरं,” ती म्हणाली. चार-दोन काड्या निवडल्या आणि एकदम पदर तोंडाला लावून रडायला लागली.

“अगं, तूच तर जा म्हणत होतीस ना?”

“म्हणावं लागतंय,” ती पदराआडून म्हणाली. “तू थांबली असतीस माझ्यासाठी, अन् मग जलमभर मलाच सांभाळत बसली असतीस. म्हणून म्हणत होते. मला कुठं गं एकटीला राहता येतंय?”