सरायीतला दिवस

"राहायची सोय काय?" हा बाबांचा ठरलेला प्रश्न. लग्नाला जा, परीक्षेला जा, मैत्रिणींबरोबर दोन दिवस कुठे भटकायला जा, तिथे काय बघणार हे त्यांनी कधी विचारलं नाही. मला त्या प्रश्नाचा भयंकर राग यायचा. कॉलेजकडून सहा महिन्यांसाठी इस्तंबूलला जायचं ठरलं तेव्हाही हॉस्टेलचं पत्र हातात घेऊन दोनदा वाचल्यावरच ते हो म्हणाले.

आणि पोचले तर हॉस्टेलची खोली तयारच नव्हती. दहा दिवस मी एका तुर्की वर्गमैत्रिणीच्या घरी सोफ्यावर झोपले. बाबांचा रोज हैदराबादहून फोन. शेवटी म्हणाले, "या आठवड्यात खोली नाही मिळाली तर सरळ निघून ये, माय. तिकीट मी काढतो." बाबा बोलले म्हणजे करणार. माझं धाबंच दणाणलं, कारण मला अजिबात परत यायचं नव्हतं.

अकराव्या दिवशी खोली मिळाली, आणि त्या आनंदात घरी कळवायचंच राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मैत्रीण म्हणाली, चल, सराय बघायला जाऊ. ट्राममधून मी बाबांना मेसेज टाकला: आज दिवसभर सरायीत आहे, फोन लागणार नाही.

तुर्कीत सराय म्हणजे राजवाडा. तोपकापी सराय, तोपकापी सराय असं ऐकून ऐकून तो शब्द माझ्याही तोंडी बसला होता. आमच्या हैदराबादेत सराय म्हणजे काय, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. नामपल्ली स्टेशनातून बाहेर पडलेला, शहरात ज्याचं कुणी नाही असा माणूस चार पैशांत पथारी टाकतो, ती सराय.

मी मात्र आरामात सुलतानांची स्वयंपाकघरं बघत होते. तिथली पातेली एवढी, की आमच्या कॉलनीच्या गणपतीतलं प्रसादाचं पातेलं त्यांच्यापुढे वाटी वाटावं. निळ्या फरशांच्या भिंती बघितल्या, दालनांमागून दालनं बघितली. दुपारी आम्ही समुद्रावरच्या गच्चीत आलो, तेव्हा फोन बाहेर काढला. बाबांचे एकोणीस फोन येऊन गेले होते. खाली आईचा मराठीत मेसेज. मराठी वाचायचं म्हणजे मी एकेक अक्षर लावत बसते, पण हा एका दमात वाचला. बाबा आबिड्सला तुझं तिकीट काढायला गेलेत.

मी तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. बाबा तिकिटाच्या दुकानात उभे होते, हातात माझ्या पासपोर्टची झेरॉक्स.

"बाबा, थांबा! तिकीट काढू नका."

"का काढू नको? माझी लेक सरायीत राहते अन् मी गप बसू? पांघरूण तरी आहे का तिथं?"

मला हसू आवरेना. मी फोन फिरवला. घुमट, संगमरवर, पलीकडे पाण्यात जहाजं. "ही बघा सराय. सुलतानाची. इथे राजवाड्याला सराय म्हणतात. आणि खोली मला कालच मिळाली. सांगायचं राहिलं, चुकलं माझं."

दुकानदाराने बाबांच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं. "अंकल, ऐसी सराय तो हमना भी होना!" अशी सराय त्यालाही हवी होती.

दुकानातले सगळे हसले. बाबा नाही हसले. ते फोन घेऊन दुकानाच्या पायरीवर येऊन बसले.

"मी कॉलेजला नांदेडकडून आलो ना, तेव्हा तीन महिने सरायीत होतो," ते म्हणाले. "खोलीच मिळेना. तिथं तीन दिवसांच्या वर राहू देत नव्हते. चौथ्या दिवशी ट्रंक उचलायची, एक रात्र फलाटावर काढायची, की परत येऊन रजिस्टरात नाव लिहायचं."

"हे कधी सांगितलं नाहीत तुम्ही."

"कुणालाच नाही सांगितलं. तुझा मेसेज वाचला अन् वाटलं, पोरीनं खरं तरी कळवलं. मला नव्हतं ते जमलं."

मला ओशाळल्यासारखं झालं आणि भरूनही आलं. ज्यांनी फलाटावर रात्री काढल्या त्यांनी मला परदेशात राजवाडे बघायला पाठवलं होतं, आणि त्याबद्दल एका शब्दाने कधी ऐकवलं नव्हतं. त्यांच्या एका प्रश्नावर मी इतकी वर्षं चिडत आले होते. बाबांनी झेरॉक्सची घडी करून खिशात घातली. "राहा," ते म्हणाले. "सहा महिने पुरे करूनच ये."

"आणि आजोबांना?" मी विचारलं. "त्यांना तेव्हा काय कळवलं होतं?"

"दर आठवड्याला पत्र टाकायचो. खोलीची खिडकी कुठल्या बाजूला आहे तेसुद्धा लिहायचो," बाबा म्हणाले. "ते जाईपर्यंत गावात सगळ्यांना सांगत होते, की आमच्या पोराची खोली मोठी हवेशीर होती."