अकरा फूट चार इंच

आधीच सांगतो, आमच्या घरात अंगारा-धुपारा, नवस, उतारा यातलं काही नाही. आजोबांनी दीक्षा घेतली त्या दिवशी ते सगळं उंबऱ्याबाहेर गेलं आणि पुन्हा आत आलं नाही. शिवाय माझं कामच मोजायचं. बांधकाम उपविभागात सव्वीस वर्षं झाली. रस्ता किती लांब, मोरी किती रुंद, खोदाई किती खोल, हे टेप लावून बघायचं आणि वहीत लिहायचं. या सदरातले इतरांचे अनुभव मी आजवर निम्मे हसतच वाचले. तेव्हा आता कुणी मला हसलं तर तक्रार नाही. फक्त आकडे नीट वाचा, एवढीच विनंती.

आमच्या परभणी जिल्ह्यात गोदा-दुधना कुस्ती संघ आहे. (नाव बदललंय.) माझी मुलगी प्रज्ञा बारा वर्षांची असल्यापासून संघाच्या तालमीत जाते. आता ती एकोणीसची आहे. मी स्वतः कधी लंगोट लावला नाही, पण तिला सोडायला-आणायला जाता जाता संघाचं लिखापढीचं काम माझ्या गळ्यात पडलं. यंदा संघाने स्मरणिका काढायचं ठरवलं आणि ‘आमची गाजलेली मैदानं’ हा भाग माझ्याकडे दिला. मी म्हटलं, नुसत्या आठवणी नकोत, प्रत्येक मैदानाचं माप छापू.

त्यासाठी सुट्टीच्या दिवशी टेप घेऊन फिरलो. झरीचं मैदान दक्षिणेकडे पाच इंच उतरतं, तरी तिथल्या कुठल्या पहिलवानाला ते माहीत नव्हतं. जिंतूरला लोक टेकडीच्या उतारावर बसून कुस्ती बघतात, त्यामुळे पायऱ्या बांधायची गरजच पडली नाही. परभणीतल्या जुन्या आखाड्यावर आता फरशी आहे, तिथं फक्त बाहेरचं माप मिळालं. राहिलं शेवटचं. पालमपासून सहा किलोमीटरवर एका गावात ‘दगडी हौद’ म्हणून मैदान आहे. तीस बाय तीस फूट मातीचा हौदा, आणि उत्तर, पूर्व, पश्चिम अशा तीन बाजूंना दगडी पायऱ्या. अकरा वर्षं तिथं कुस्ती झाली नव्हती. कारण विचाराल तर काहीच नाही... गावातली पोरं पुण्याला कामाला गेली, एवढंच. तिथं कुणी मेलं नाही, कुणाचं काही मोडलं नाही. हे मी नंतर घरोघर विचारून घेतलंय.

यंदा संघाने ते मैदान पुन्हा सुरू करायचं ठरवलं. फेब्रुवारीतला रविवार, दुपारी चारची वेळ. त्या मातीत कधी बाई उतरली नव्हती, म्हणून पहिली कुस्ती मुलींची ठेवली. जिंतूरची एक मुलगी आणि आमची प्रज्ञा.

आदल्या दिवशी, शनिवारी, मी एसटीने पालमला आणि तिथून ऑटोने हौदावर पोचलो. माती बघणारे रहीमचाचा एकटेच होते. सत्तरीचे आहेत, चाळीस वर्षं त्यांनी हीच माती राखली. वरची दोन इंच माती त्यांनी चाळून, तेल-ताक-हळद घालून तयार केली होती. खालचा थर मात्र अकरा वर्षं न हललेला, विटेसारखा. साडेअकराला त्यांनी फळी ओढून हौदा सपाट केला. मी लांबी-रुंदी घेतली. मग आम्ही पश्चिमेच्या पायरीवर बसून भाकरी खाल्ली. हौदा समोरच होता.

हात धुऊन वळलो तर मातीत ठसा होता.

कुस्ती बघणाऱ्याला हा ठसा समजावून सांगावा लागत नाही. दोन्ही खांदे टेकले की नाही यावर वाद झाला तर आमच्याकडे पंच खाली वाकून मातीच बघतो. खवाट्यांचे, म्हणजे खांद्यामागच्या हाडांचे, दोन उथळ वाटीसारखे खळगे दिसले की चितपट. तसेच दोन खळगे होते. पण त्यांच्या वर डोक्याचा खळगा गोल नव्हता. लांबट होता, डावीकडे ढकललेला... मान दुमडून त्यावर अंगाचा सगळा भार आल्यासारखा. आणि त्याच्या शेजारी दोरासारखी एक खूण, तिला पाच गाठी.

आजूबाजूला पावलाची एकही खूण नाही. ठशापर्यंत जाणारी नाही, तिथून येणारी नाही.

मला वाटलं चाचांनीच काहीतरी केलं असेल. तसं विचारलंही. ते चिडले नाहीत. म्हणाले, “साहेब, कुत्रं लोळलं तर कुत्र्याचा ठसा उठतो. ह्यो माणसाचा हाय. अन् मी तुमच्याच ताटलीत जेवायलो व्हतो की.”

सवयीने टेप काढला. पूर्वेच्या दगडापासून अकरा फूट चार इंच. उत्तरेकडून नऊ फूट दोन. दोन्ही खवाट्यांची बाहेरची रुंदी साडेचौदा इंच. गाठींची खूण अकरा इंच लांब. डोक्याचा खळगा पावणेदोन इंच खोल.

चाचांनी फळी ओढून माती पुन्हा सपाट केली. आम्ही पाणी प्यायला विहिरीवर गेलो आणि परत आलो. ठसा तिथंच. पुन्हा मापलं. आकडे तेच.

तिसऱ्या वेळी मी हटलो नाही. माती सपाट झाल्यावर उत्तरेच्या पायरीवर बसून राहिलो. चाचा माझ्या शेजारी. ऊन लख्ख होतं, वारा नव्हता. पंधरा मिनिटं मी मातीवरची नजर काढली नाही. मग वहीत वेळ लिहायला मान खाली घातली. ‘२.२०’ एवढंच लिहिलं. चार आकडीसुद्धा संख्या नाही. मान वर केली तेव्हा ठसा होता. चाचा समोरच बघत होते. त्यांना विचारलं, कसा उठला? ते म्हणाले, “उठताना न्हाई दिसला, साहेब. व्हताच तो.”

परतीच्या एसटीत मला त्या पाच गाठींचाच विचार. प्रज्ञाचे केस फार लांब नाहीत. कुस्तीला उतरताना ती एकच वेणी घालते आणि सुटू नये म्हणून तिला ठिकठिकाणी रबर लावते. किती लावते ते मी बाप असूनही कधी मोजलं नव्हतं.

घरी आलो तेव्हा ती सरावाहून येऊन बसली होती, वेणी तशीच. रबर पाच होते. टी-शर्टचं माप पाहिजे म्हणून मी तिच्या पाठीला टेप लावला. साडेचौदा. वेणी अकरा. दोन्ही मापं मी पुन्हा घ्यायला लागलो तशी ती म्हणाली, पप्पा, टी-शर्टला वेणीचं माप कशाला?

मग मी तिला आणि तिच्या आईला, वंदनाला, सगळं सांगितलं. वंदनाला वाटलं मला ऊन लागलं. प्रज्ञाने वही मागितली आणि आकडे दोनदा वाचले.

“म्हणजे मी चित होणार, असं माती सांगायलीय?”

“चित हो, त्याचं काही नाही. मानेचं बघ तू. मी तुझं नाव काढतो.”

“नाव माझं हाय. काढायचं तर मी काढन.” मग म्हणाली, “लहानपणी तुमीच शिकवलं ना, टेपला सापडत न्हाई ते नसतंच म्हणून?”

“हे सापडलंय टेपला.”

तिने वही मिटून माझ्या हातात दिली. नाव मात्र काढलं नाही. तिचे वस्ताद शेषराव, त्यांना मी फोन केला. ते म्हणाले, भाऊ, घुशी लोळल्या असतील. मी म्हटलं, घुशीला वेणी नसते. ते हसले, पण माझा आवाज ऐकून थांबले. म्हणाले, मुलगी सज्ञान आहे, मी तिला नाही म्हणू शकत नाही. तुम्हाला पाहिजे तर सकाळी जाऊन माती आणखी खणून घ्या, कुणी अडवणार नाही.

मला तेवढंच सुचलं. ठसा पावणेदोन इंच होता, कारण खालचा थर टणक होता. माती मऊ केली तर मान वाचेल. हिशोब सरळ होता.

रविवारी सकाळी आठला मी, चाचा आणि गावातले दोन मजूर कामाला लागलो. पूर्ण हौदा खणायचा होता, पण तो थर कुदळीला दाद देईना. साडेनऊला बघितलं तर दीड तासात हातभर जागाही झाली नव्हती. मग मी खुणा केल्या. अकरा फूट चार, नऊ फूट दोन, हा मध्य धरून चार बाय चारचा चौकोन आखला. तेवढाच दोन फूट खोल खणला. खाली काही नव्हतं. दगड नाही, हाड नाही, खिळा नाही. माती चाळून परत भरली, वरून फळी ओढली. वरून बघता कुठं खणलं ते कळत नव्हतं. त्यानंतर कुस्तीच्या वेळेपर्यंत ठसा उठला नाही. मला वाटलं, मिटलं.

चारला पायऱ्या भरल्या. हलगी सुरू झाली. दोघी हौद्यात उतरल्या, मातीला हात लावून कपाळाला लावला. पहिली दोन मिनिटं प्रज्ञाच वरचढ होती. तिने त्या मुलीला पश्चिमेकडे रेटत नेलं आणि मी श्वास सोडला, कारण तो चौकोन उत्तर-पूर्वेला होता. मग जिंतूरच्या मुलीने खाली वाकून तिचे पाय धरले, पट काढला आणि प्रज्ञाला खांद्यावर उचललं. उचलून ती फिरली, एक पाऊल, दुसरं पाऊल... तिसरं पाऊल माझ्या चौकोनात पडलं. मी ते बघितलं. तिचा पाय घोट्याच्या वर आत गेला. तोल गेला आणि दोघी कोसळल्या. प्रज्ञा खाली, डोकं आधी, मान डावीकडे दुमडलेली, आणि वर दुसरीचं सगळं वजन.

हलगी थांबली. मी हौद्यात कधी उतरलो ते आठवत नाही. तिला बोटं हलवायला सांगितली. मोजली. दहा हलली. मग पायाची दहा.

परभणीला नेलं, फोटो काढले. हाड शाबूत होतं, स्नायू दुखावले होते. सहा आठवडे गळपट्टा. डॉक्टरांनी विचारलं, जमीन कशी होती? मी म्हटलं, मऊ. ते म्हणाले, म्हणूनच आपण हे बोलतोय.

तिसऱ्या दिवशी मी हौदावर गेलो. चाचांनी त्या जागेवर घमेलं पालथं घालून ठेवलं होतं, कुणाला हात लावू दिला नव्हता. मी मापलं. अकरा फूट चार. नऊ फूट दोन. रुंदी साडेचौदा, वेणी अकरा, गाठी पाच. एकच आकडा वेगळा होता. डोक्याचा खळगा पाच इंच खोल.

म्हणजे शनिवारचा ठसा टणक मातीतल्या पडण्याचा होता. मी खणलं म्हणून पावणेदोनचे पाच झाले आणि मान वाचली. इथपर्यंत ठीक. पण मी खणलं नसतं तर त्या मुलीचा पाय आत गेला नसता. पाय गेला नसता तर ती तिथं कोसळलीच नसती. मग टणक मातीत पडलं कोण? हा हिशोब मी शंभर वेळा मांडला. दोन्हीकडून मांडला. जुळत नाही.

प्रज्ञा आता बरी आहे, पुन्हा तालमीत जाते. पप्पांनी माती खणली म्हणून मी वाचले, असं ती सगळ्यांना सांगते. लोक माझं कौतुक करतात आणि मी मान खाली घालतो. मागच्या आठवड्यात ती असंच कुणालातरी सांगत होती. लोक गेल्यावर मला राहवलं नाही. म्हटलं, बाळा, तुला एक माहीत नाही. त्या मुलीचा पाय...

“माहीत हाय,” ती म्हणाली. “खांद्यावर व्हते ना मी. खालीच बघत व्हते. तुमच्या खड्ड्यात गेलेला दिसला मला.”

“मग लोकांना तसं का सांगतेस?”

“दोन्ही खरंच हाय की. मला त्यातलं एक सांगायला बरं वाटतं.”

मला अजून तसं निवडता आलेलं नाही. तो ठसा मला सावध करायला उठला होता, की ते चार बाय चार माझ्याकडून खणून घ्यायला, हे मला माहीत नाही. कुणाला कळलं तर सांगा.