धूर आणि लाल काठाचा पंचा

गाडीबद्दल सगळ्यात जास्त बोलणाऱ्या माणसाला गाडी चालवता येत नाही, अशी आमच्या घरची रीत आहे. तो माणूस म्हणजे माझा नवरा. समोर मी त्याला अहो-जाहो करते. इथे लिहिताना करायची काही गरज वाटत नाही. तो बाइकवर फिरतो. चारचाकी माझी, माझ्या पगारातून घेतलेली. ती मी चालवते आणि तो शेजारी बसून मला गिअर टाकायला शिकवतो.

गाडी जुनी आहे, कार्बोरेटरवाली. पण मला ती लागते. माझी आई पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत एकटी राहते. महाडला यायला ती तयार नाही आणि तिच्या वाडीला एसटी मनात येईल तेव्हा जाते. दर रविवारी मी डबा भरते, गाडी काढते आणि तिच्याकडे जाते. गाडी गेली तर आईला भेटणं नवऱ्याच्या सवडीवर, आणि त्याची सवड मला चांगली ठाऊक आहे.

गेल्या पावसाळ्यात गाडी धूर ओकायला लागली. काळा धूर, त्याला पेट्रोलचा वास. घाटातल्या चढावर तर धापा टाकायची. आई म्हणायची, "आदी तुजा धूर येतो, मागनं तू." तिने त्याचीही सोय करून घेतली. खालच्या वळणावर धूर दिसला की ती भाताचं आधण ठेवायची.

त्यातच रजिस्ट्रेशनची मुदत संपत आली. जुनी गाडी पुढे चालवायची तर पासिंग हवं, आणि पासिंगला आधी पीयूसी हवं. हायवेला पंपाजवळ पीयूसीची एक व्हॅन उभी असते. तिथल्या गृहस्थाने सायलेन्सरला नळी लावलेली मी आजवर पाहिली नव्हती. नंबर प्लेटचा फोटो काढायचा आणि कागद द्यायचा, एवढंच त्याचं विज्ञान. या वेळी धूर बघून त्यालाही लाज वाटली असावी. त्याने नळी लावली, मशीनकडे बघितलं आणि गाडी फेल हाय म्हणाला, मिक्चर रिच हाय. म्हणजे काय, असं विचारल्यावर पेट्रोल जास्ती, हवा कमी, एवढं सांगून तो चहाला गेला.

मग मेकॅनिक झाले. पहिल्याने कार्बोरेटर खोलून धुतला, प्लग बदलले, इंजिनावरच्या गोल डब्यातला एअर फिल्टर नवीन घातला. धूर होता तसाच. दासगावकडच्या दुसऱ्याने आधी पहिल्याला नावं ठेवली आणि मग त्याने केलं होतं तेच सगळं पुन्हा केलं. गाडी पुन्हा फेल. दोघांचंही एका गोष्टीवर एकमत होतं, की बाई, आता विकून टाका.

संध्याकाळी आमच्या ओट्यावर उंटावरचे शहाणे जमतात, नवऱ्याचे मित्र. एक म्हणाला पेट्रोलमध्ये थिनर घाला. दुसरा म्हणाला हायवेला भन्नाट पळवा, सगळा कचरा जळून जाईल. तिसऱ्याने मोबाइलवर परदेशातल्या कुठल्या तरी गाडीचा व्हिडिओ दाखवला, जिचा आमच्या गाडीशी चार चाकांपलीकडे संबंध नव्हता. यातल्या एकानेही उठून बॉनेट उघडलं नाही. नवऱ्याचं निदान तर ठरलेलंच होतं. नाचता येईना अंगण वाकडं. मला क्लच सोडता येत नाही, म्हणून धूर. हे सांगून झालं की तो दुसऱ्या तक्रारीकडे वळायचा. त्याचा लाल काठाचा पंचा म्हणे मी कुठे तरी हरवला होता, पावसाळ्यापासून सापडत नव्हता, आणि घरात कुठलीच वस्तू जागेवर नसते.

शेवटी त्याने मला न विचारता भंगारवाल्याला सांगून ठेवलं. सोमवारी येऊन गाडी घेऊन जा.

आदल्या रविवारी मी आईकडे गेले. शेवटची खेप म्हणूनच गेले. भंगारवाल्याचं तिला सांगायचं होतं, ते पुढे ढकलत राहिले. मी चुलीजवळ बसले. चूल धुमसत होती, डोळ्यांना पाणी येत होतं. आईने चुलीच्या तोंडाशी साचलेली राख ओढून काढली आणि लाकडं भडकली. सगळ्या जन्मात हजार वेळा बघितलेली गोष्ट. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात आलं, की हे सगळे विद्वान इतके दिवस पेट्रोलच्या मागे लागलेत. पेट्रोल जास्ती, हवा कमी. मग हवा येते कुठून?

मी अंगणात जाऊन बॉनेट उघडलं. मेकॅनिकांनी फिल्टरच्या डब्याचं झाकण तेवढं उघडलं होतं, पण डब्याला बाजूला एक तोटी असते. हवा तिथूनच आत जाते, हे बघितल्यावर कुणालाही कळेल. तोटीत बोट घातलं तर मऊ काही तरी लागलं. ओढलं, तर कापड येतच राहिलं. तेलकट, काळवंडलेलं, आणि कडेला लाल काठ.

मग सगळं आठवलं. जुलैत सावित्री नदीचं पाणी वाढलं आणि पुराचा भोंगा झाला की महाडात एकच धावपळ उडते. गाड्या चढावर नेऊन लावायच्या. ज्याला नेता येत नाही तो बॅटरी काढून माडीवर नेतो आणि पाणी आत जाऊ नये म्हणून गाडीच्या नळ्यांत चिंध्या कोंबतो. त्या दिवशी मी इथे आईकडेच अडकले होते, एसटीने आलेली. गाडी महाडला आमच्या दारात होती. पाणी काही आमच्या दारापर्यंत आलं नाही. नंतर गाडी सुरू होईना, तेव्हा नवऱ्याने सायलेन्सरमधला बोळा चार लोकांसमोर ऐटीत उपसून काढला होता. पुढचा बोळा तो विसरला, आणि मग महिनोन्‌महिने मला क्लच शिकवत बसला.

घरी येताना घाटात गाडी पूर्वीसारखी चढली. मला इतका राग आला होता की आनंद व्हायचं राहूनच गेलं. सोमवारी सकाळी मी आधी पीयूसीच्या व्हॅनपाशी गेले. गाडी पास झाली. भंगारवाला आला तेव्हा मी त्याला चहा पाजून परत पाठवलं.

पंचा मी धुऊन गाडीत ठेवला होता. परत द्यायचा, चारचौघांत द्यायचा, असं ठरवलं होतं. त्याआधी फक्त एक गोष्ट विचारायची होती.

"अहो, जुलैत भोंगा झाला तेव्हा तुम्ही बाइक चढावर नेऊन लावलीत. शेजारच्यांना माझी गाडी न्यायला का नाही सांगितलंत?"

त्याने पेपरातून मानही वर केली नाही. "तुझी काय, जुनीच होती. वाहून गेली असती तर सुटलो असतो."

मी पंचा दिला नाही.

पुढच्या रविवारी आईच्या अंगणात गाडी लावून मी आत गेले तरी तिला पत्ता नव्हता. ती चुलीपाशी बसून सकाळची भाकरी खात होती. "धूर दिसला नाय गो," ती म्हणाली, "म्हटलं, आता काय तू येत नाय." मी डबा उघडला, आणि तिने घाईघाईने आधण ठेवलं. भात झाल्यावर पातेलं उतरवायला ती फडकं शोधू लागली, तेव्हा मी तिला पंचा दिला. काठाला काजळी लागली. मला फार बरं वाटलं.

आमच्या ओट्यावर आता असं ठरलं आहे की प्लग बदलल्यामुळे गाडी सुधारली आणि प्लग बदलायला नवऱ्यानेच सांगितलं होतं. पंचा तो अजून शोधतो. परवा कपाट उपसून झाल्यावर म्हणाला, या घरात कुठे काय कोंबून ठेवलेलं असतं, देव जाणे.

मी म्हटलं, खरं आहे, आणि किल्ली घेऊन निघाले.